आधी अर्थ, मग उच्चार

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारी माणसे. एकाच फळ्यावर उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितो आणि मराठी, इंग्रजी डावीकडून उजवीकडे. या ये-जा करण्यात इंग्रजीचा एक लहानसा शब्द दरवर्षी वर्गाला अडवतो. आर-ई-ए-डी. अर्थ 'वाचणे'. लिहिताना त्याचे रूप बदलत नाही. पण आजचे वाचन असेल तर तो 'रीड' आणि कालचे असेल तर 'रेड'. मुले विचारतात, "मग हा शब्द खरा कसा वाचायचा?" प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण तो तेवढाच नाही.

पहिलीपासून आपण मुलांना सांगतो : अक्षरे जोडा, शब्द उच्चारा, अर्थ आपोआप कळेल. या शब्दापाशी तो क्रम उलटा होतो. अर्थ कळला तरच उच्चार करता येतो. जीभ हलण्याआधी डोळ्याने वाक्यात पुढे जाऊन यावे लागते. 'मी वर्तमानपत्र वाचतो' आणि 'मी वर्तमानपत्र वाचले' ही दोन्ही वाक्ये इंग्रजीत अक्षर न् अक्षर सारखी लिहिली जाऊ शकतात. शेवटी 'रोज' आहे की 'काल', हे पाहिल्याशिवाय निकाल लागत नाही.

असे शब्द इंग्रजीत बरेच आहेत. टी-ई-ए-आर हा 'टिअर' म्हटला तर अश्रू, 'टेअर' म्हटला तर फाडणे. या दोघांचे मूळ वेगळे. दोन परक्या माणसांनी योगायोगाने सारखा सदरा घालावा तसे. उलट एम-आय-एन-यू-टी-ई या अक्षरांचे 'मिनिट' आणि 'मायन्यूट', म्हणजे अगदी सूक्ष्म, हे एकाच घरातले. 'लहान केलेला' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून दोन्ही आले. तासाचा लहान भाग तो मिनिट. चेहरा सारखा म्हणजे नाते आहेच असे नाही, आणि आवाज वेगळा म्हणजे नाते नाहीच असेही नाही.

आमच्या मुलांना ही कसरत खरे तर नवी नाही. उर्दूचा कायदा शिकताना जेर, जबर, पेश ही स्वरचिन्हे अक्षरांवर असतात. पुढच्या पुस्तकांतून ती हळूहळू नाहीशी होतात. मग मीम-लाम-काफ ही तीन अक्षरे 'मुल्क' म्हणजे देश होतात, 'मलिक' म्हणजे राजा, 'मलक' म्हणजे फरिश्ता आणि 'मिल्क' म्हणजे मालमत्ता. ऐन-लाम-मीम कधी 'इल्म', कधी 'अलम', म्हणजे झेंडा. कुरआन शरीफ छापताना सर्व चिन्हे दिली जातात, कारण तिथे काहीही वाचकाच्या अंदाजावर सोडायचे नसते. माणसांची पत्रे, बातम्या, कथा मात्र वाचकाच्या समजुतीवर सोपवलेल्या असतात. उर्दू माध्यमाची मुले इंग्रजीत कच्ची, असे सहज बोलले जाते. पण वाक्य पाहून शब्द ठरवण्याची सवय ती आपल्या लिपीतूनच घेऊन येतात. मराठीतही 'जरा थांबा' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहायला एकच, पण त्यांतला 'ज' एक नाही.

आता खरा प्रश्न. शब्दाच्या बाबतीत आपण वाक्य संपेपर्यंत थांबतो, मग माणसाच्या बाबतीत का थांबत नाही? भाषणातले एक वाक्य तोडून मोबाइलवर फिरवले जाते. मागचे-पुढचे गळून पडलेले असते. वाचणारा आपल्या मनातला उच्चार त्याला देतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडी घालतो. कुणाचे नाव ऐकले, कुणाची टोपी दिसली, कुणाच्या कपाळावरचा टिळा दिसला, की पुढचे वाक्य ऐकण्याची गरजच वाटत नाही. हे काम फक्त 'ते' करतात असे नाही. आपल्या मोहल्ल्यातही होते. कुणाच्या मुलीने काय शिकावे, कुठे नोकरी करावी, यावर एका ऐकीव शब्दावरून निकाल देणारे आपल्यातही आहेत.

यावर एक आक्षेप येतो. सगळेच संदर्भावर अवलंबून असेल, तर कुणीही काहीही बोलावे आणि नंतर "माझा अर्थ तसा नव्हता" म्हणून सुटावे. आक्षेप योग्य आहे. पण तोच शब्द त्याचे उत्तरही देतो. 'मी' च्या जागी 'तो' घातला, तर इंग्रजीत वर्तमानकाळी क्रियापदाला 'एस' लागायला हवा. तो नसेल तर 'रेड' च वाचावे लागते. तिथे वाचकाला मोकळीक नाही आणि लिहिणाऱ्यालाही पळवाट नाही. दोन अर्थ असणे म्हणजे हवा तो अर्थ असणे नव्हे. पुरावा आल्यावर निकाल द्यायलाच हवा. जुलमाला जुलूम म्हणायलाच हवे. थांबायचे ते पुरावा येईपर्यंत.

आणि वाक्य पूर्ण वाचूनही निकाल लागला नाही तर? तशी वाक्येही असतात. मागे-पुढे काही नसलेले 'मी पत्र वाचतो' की 'वाचले', हे इंग्रजीच्या कितीही मोठ्या जाणकाराला कागदावरून सांगता येणार नाही. तिथे हुशारी कामाची नाही. लिहिणाऱ्याकडे जाऊन विचारावे लागते, "भाई, तुम्हाला काय म्हणायचे होते?" आम्ही वर्गात मुलांना या शब्दाचे दोन्ही उच्चार शिकवतो. त्याबरोबर हे विचारणेही शिकवायला हवे. परीक्षेत त्याला गुण नाहीत. पण शेजाऱ्याबरोबर राहायचे असेल तर त्यावाचून चालणार नाही.