मत्त आणि भीत

दारूपायी घर बुडवणाऱ्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध नेऊन उपचाराला ठेवावे काय, असे आम्हांला नागपुरात कीर्तन आटोपल्यावर पुष्कळदा विचारतात. ठेवण्याची वेळ येते, यात शंका नाही. पण ती वेळ आली हे ठरवावे कोणी? या दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही, आणि आमच्या मते सगळे मर्म तेथेच आहे.

पाठशाळेत याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय आम्ही घोकला, त्यात एक यादी येते. मत्त, उन्मत्त, आर्त, व्यसनी, बाल, भीत इत्यादिकांनी केलेला व्यवहार सिद्धीस जात नाही. (येथला व्यसनी म्हणजे दारुडा नव्हे बरे. टीकाकार त्याचा अर्थ संकटाने दुःखी झालेला असा करतात. दारुड्यासाठी मत्त हा शब्द आधीच आलेला आहे.) घरची मंडळी यातला पहिला शब्द तेवढा उचलतात. तो मत्त आहे, तेव्हा त्याचे 'नाही' जमेस धरू नका, म्हणतात. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु मत्त हा आठही प्रहर मत्त नसतो. उतरल्यावर तोच शहाण्यासारखे बोलतो. ते बोलणे मग कोणी ऐकावयाचे? शिवाय त्याच यादीत भीतही बसला आहे. चौघांनी रात्री गाडीत घालून नेलेल्या, बाहेरून कडी लावलेल्या माणसाने 'राजीखुशीने आलो' म्हणून कागदावर सही केली, तर ती सही भीताची. मत्ताचा नकार कच्चा, तर भीताचा होकार पक्का कसा?

इतवारीतल्या एका सप्ताहात एक माउली आमच्याकडे आली. "महाराज, याले कुठं तरी भरती करून द्या जी, मी थकली आता." तिच्या हातावर वळ होते. तिला शास्त्र सांगावे अशी ती वेळच नव्हती. पण मागे उभा असलेला धाकटा मुलगा घाईने बोलून गेला, "सहा महिने तरी सोडू नये त्याले, तेवढ्यात घराच्या वाटणीचे कागद होऊन जातील." माउलीचे दुःख खरे आणि धाकट्याची घाईही खरी. अशा अर्जामागे पुष्कळदा दोन्ही असतात, आणि वरून पाहणाऱ्याला त्यांतले कोणते कोठे संपते ते दिसत नाही.

म्हणून फिर्याद करणारा आणि निवाडा देणारा एक असू नये. वारकऱ्याला हे निराळे सांगावयास नको. तुकोबारायांविरुद्ध तक्रार रामेश्वरभट्टांची, आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या हा निर्णयही त्यांचाच, असे परंपरा सांगते. रामेश्वरभट्ट काही दुष्ट नव्हते; विद्वान होते, पुढे तुकोबांचे शिष्यही झाले. फिर्यादीच न्यायासनावर बसला की चांगल्या माणसाच्या हातूनही असे घडते.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. पुढे १९१२ च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याच्या हुकमावर माणूस अशा ठिकाणी आत जाई. आताचा मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू व अमली पदार्थांपायी होणारे मनाचे विकार त्यात येतात. मनाविरुद्ध ठेवावयाचे तर रुग्णाच्या प्रतिनिधीचा अर्ज हवा, आणि दोघा जाणकारांनी, त्यांत एक मनोविकारतज्ज्ञ, त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत त्याला वेगवेगळे तपासलेले हवे. जिवाला धोका, मारहाण, किंवा स्वतःची काळजी घेता न येणे, यांतले काही दिसले पाहिजे. नुसता पितो म्हणून नाही! मुदत ३० दिवसांची. त्यातही स्वतःचे बरेवाईट ठरवण्याची शक्ती त्याला परत आली का, हे दर ७ दिवसांनी पाहावयाचे. आमच्या मत्ताच्या शंकेला हे बरे उत्तर आहे. ७ दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास ३ दिवसांत, पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. मंडळाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदाच्या योग्यतेचा अधिकारी असतो. आत ठेवलेल्याने हरकत घेतली तर मंडळाने ७ दिवसांत विचार करावयाचा. ३० दिवसांपलीकडे ठेवणे मंडळाच्या मंजुरीवाचून नाही, आणि पहिली मंजुरी फार तर ९० दिवसांची. धाकट्याचे सहा महिने असे एकदम मिळत नाहीत. वकील फुकट मिळण्याचा हक्क आहे. साखळीने बांधणे तर साफ मना.

कोणी म्हणेल, महाराज, या कागदपत्रांत माणूस मरून जाईल. तातडीच्या वेळी नोंदणी झालेला कोणताही डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, तेवढी वाट कायद्याने ठेवली आहे. उलट डॉक्टर नसलेल्या जागी कोंडणेच घातक. फार दिवसांची दारू एकाएकी तुटली की काहींना झटके येतात, भ्रम होतो, क्वचित प्राणही जातो.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. दारुडा शंभरदा खोटे बोललेला असतो; आईची शपथ घेऊन त्याच वाटेने गुत्त्यावर गेलेला असतो. त्याचे ऐकून काय करावयाचे? शास्त्रकारांनी व्यवहाराचे चार पाद सांगितले: भाषा, उत्तर, क्रिया आणि निर्णय. उत्तर हा दुसरा पाद प्रतिवादी सच्चा असेल तरच, असे कोठे म्हटलेले नाही. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. ऐकून घेऊनही न्यायाधीश त्याला ठेवा म्हणू शकतो, आणि पुष्कळदा तेच योग्य ठरेल. पण आपली बाजू कोणी तिऱ्हाइताने ऐकली, एवढे त्या माणसाजवळ उरते. आपल्याला रोग्याप्रमाणे नेले की गुराप्रमाणे हाकलले, हे तो बाहेर आल्यावर विसरत नाही. पुढे माळ घालावयाची झाली तर ती त्यालाच घालावयाची आहे. दुसऱ्याने बळेच गळ्यात अडकवलेली माळ किती दिवस टिकते, हे प्रत्येक फडकऱ्याला ठाऊक आहे.

त्या मंडळावर दोन जागा अशा आहेत की तेथे स्वतः हा आजार सोसलेली, आजाऱ्याची काळजी वाहिलेली, किंवा अशांसाठी झटणाऱ्या संस्थांची माणसे बसू शकतात. इतवारीच्या त्या माउलीसारखी कोणी तेथे बसली तर आम्हांला आनंदच वाटेल. दारूने घरात काय होते हे तिला कोणत्याही पंडिताहून अधिक कळते. तिच्या स्वतःच्या लेकाचे प्रकरण निघाले, म्हणजे मात्र तिने उठून बाहेर बाकावर येऊन बसावे, आणि आपले म्हणणे इतरांसारखे पुढे उभे राहून सांगावे.