रविवारी समुद्र कोणाचा?



सकाळची दुसरी मिस्सा आटोपून आपण चर्चच्या पायऱ्या उतरतो, तेव्हा वसई, नालासोपारा आणि विरार स्थानकांकडून निघालेल्या रिक्षा एकामागून एक समुद्राच्या दिशेने जाताना दिसतात. तिघांच्या जागी पाच जण बसलेले, मांडीवर डब्यांची पिशवी, बाहेर डोकावणारी क्रिकेटची बॅट. कुणी सुरूच्या बागेकडे निघालेले असते, कुणी भुईगाव, राजोडी, कळंबला, कुणी थेट अर्नाळ्याला. संध्याकाळी हीच मंडळी ओल्या कपड्यांनी आणि वाळू भरलेल्या चपलांनी परत फिरतात. आपल्या अंगणाशेजारच्या भिंतीपाशी थांबून कुणी पाणी मागते, तर कुणी न मागताच भिंतीचा नको तसा उपयोग करते. मग आपल्या वाड्यावाड्यांतून एकच सूर निघतो : "या बाहेरच्या लोकांना बंदीच घालायला हवी."

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की एकदा त्याचा शांतपणे विचार करावा असे वाटले. एका दिवसासाठी समुद्रावर येणारा माणूस आपला कोण लागतो? त्याचे आपल्याकडे काही मागणे असू शकते काय? आणि आपले त्याच्याकडे?

आधी तो येतो कोठून ते पाहू. तो येतो दहा बाय बाराच्या खोलीतून, जिथे खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी दिसते. आठवड्याचे सहा दिवस तो ज्या लोकलमध्ये उभा असतो, त्याच लोकलमध्ये आपणही उभे असतो. विरार ते चर्चगेट हे सुमारे साठ किलोमीटरचे अंतर आपल्यातील कितीतरी जणांनी अर्धे आयुष्य एका पायावर काटले आहे. सोमवार ते शनिवार आपण त्याच्या शहराचे पाहुणे असतो. तिथले रस्ते, तिथले पाणी, तिथली इस्पितळे आपण वापरतो आणि दादर किंवा अंधेरीच्या पुलावर कुणी आपल्याला "बाहेरचे" म्हटले तर आपल्याला राग येतो. रविवारी फक्त गाडीची दिशा उलटते.

त्याच्या हातात हा रविवार आला कसा, हेही आठवण्यासारखे आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र आणले आणि रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या मांडल्या. त्यानंतर सहा वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. भारत सरकारने २००५ साली लोखंड्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. ते फारसे कुणाला ठाऊक नाही, पण त्यांनी मिळवलेला दिवस आपण सारेच उपभोगतो. रविवार म्हटला की ती फक्त आपल्या ख्रिस्ती कॅलेंडरची देणगी आहे असे आपण समजून चालतो. या देशातील कामगाराला मात्र तो भांडून मिळवावा लागला आणि त्या भांडणाचे पुढारी ख्रिस्ती नव्हते.

तेव्हा शहरातल्या माणसाने त्या दिवशी समुद्रावर यावे यात गैर काहीच नाही. मग समुद्र कोणाचा? हा प्रश्न आपल्या ग्रामसभेपेक्षा फार जुना आहे. इ. स. ५३३ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियन याने जे कायद्याचे पाठ्यपुस्तक सिद्ध करवले, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनाराही निसर्गतःच सर्वांचा मानला आहे. कुणालाही किनाऱ्याकडे जायला मज्जाव नाही. ते नुसतेच जुने बाडही राहिलेले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात हिमाचलमधील बियास नदीच्या एका खटल्यात याच रोमन विचाराचा आधार घेतला आणि सांगितले की अशा नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे. शासनच जिथे मालक नाही, तिथे आपण कुठून असणार? "आमचा समुद्र" असे आपण प्रेमाने जरूर म्हणावे, पण सातबाऱ्याच्या अर्थाने म्हणू नये.

मात्र त्याच रोमन ग्रंथात पुढे आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हाला फार बोलकी वाटते. किनारा सर्वांचा आहे म्हणूनच तिथे खोपटे बांधून त्यात आसरा घेण्याचा, जाळी वाळवण्याचा आणि ती समुद्रातून ओढून घेण्याचाही हक्क माणसाला आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे किनारा हे नुसते बघण्याचे ठिकाण नव्हते. तिथे कुणाची तरी भाकरी होती. आपल्या पाचूबंदरला, नायगावला, अर्नाळ्याला बांबूंवर टांगलेले बोंबील, वाळूत पसरलेला जवळा, होडीच्या सावलीत जाळे सांधत बसलेला म्हातारा हे पाहुण्याला फोटोसाठी छान दिसते. पण जवळ्यावरून मोटारसायकल गेली तर ती शेतकऱ्याच्या खळ्यावरून गेल्यासारखीच आहे. भाताच्या खळ्यात चपला घालून कुणी नाचत नाही. मासळीच्या खळ्याला तो मान मिळत नाही, कारण ते खळे आहे हेच पाहुण्याला कळत नाही. त्याला समुद्र दिसतो तो सुट्टीचा. समुद्राला मात्र सुट्टी नसते आणि समुद्रावर पोट असलेल्यांनाही १ जून ते ३१ जुलै हे बंदीचे दोन महिने सोडले तर फारशी नसते.

इथे आपल्या धर्माचा एक धडा आड येतो. तिसरी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली, पण विश्रांतीच्या दिवसाचे कारण बायबलमध्ये दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिले आहे, हे फारसे सांगितले जात नाही. निर्गमच्या पुस्तकात कारण आहे ते देवाने सहा दिवस सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला हे. अनुवादच्या पाचव्या अध्यायात मात्र कारण वेगळे आहे. तुम्ही मिसर देशात गुलाम होता, ते विसरू नका, म्हणून तुमच्या चाकराला, मोलकरणीला, बैलाला, गाढवाला आणि तुमच्या गावात राहणाऱ्या परक्यालाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. म्हणजे माझी विश्रांती खरी की खोटी हे मी किती आराम केला यावर ठरत नाही. माझ्या आरामासाठी कोण राबले, यावरही ते ठरते.

या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, गाढवसुद्धा आहे. बायकोचे नाव नाही. "तू" या शब्दात ती आलीच, असे पंडित सांगतात. तसे असेलही. पण सहलीला निघायच्या दिवशी पहाटे चार वाजता पुऱ्या तळायला कोण उठते आणि रात्री वाळूने भरलेले टॉवेल कोण धुते, हे पाहिले तर ती "तू" मध्ये आली नाही असेच वाटते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली प्रभूच्या दिवसाविषयी प्रेषितीय पत्र लिहिले. केवळ मौजेचा वीकएन्ड आणि प्रभूचा दिवस यांची गल्लत करू नका, असे त्यात त्यांनी बजावले आहे. आम्ही त्यात आपल्या पुरुषवर्गासाठी एवढीच भर घालू की गल्लत करायचीच असेल तर निदान पुऱ्या स्वतः तळाव्यात.

मग रविवारी शहाळी विकणारा, घोडा फिरवणारा, भजी तळणारी, रिक्षावाला, यांचे काय? कडक विचार केला तर त्यांचा विसावा आपण हिरावतो. पण हे त्यांना सांगून पाहा. रविवारी कुणी फिरकलेच नाही तर सोमवारी त्यांच्या चुलीचे अवघड होते. इथे सोपे उत्तर नाही आणि ते आहे असे आम्ही भासवणार नाही. एवढे मात्र नक्की की शंभर रुपयांचे पेट्रोल जाळून आलेल्याने शहाळ्यामागे पाच रुपयांसाठी घासाघीस करणे शोभत नाही. आणि हे सांगताना बोट फक्त मुंबईकराकडे नाही. आपल्या महिला मंडळाची, युवकांची, कॅटेकिझमच्या मुलांची बस केळव्याला, डहाणूला, अलिबागला जाते, तेव्हा त्या किनाऱ्यावर "बाहेरचे लोक" आपणच असतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला मुळीच पटत नाही, ती म्हणजे समुद्राला पाठ करून पोहण्याचे तलाव. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे हौद भरून दिवसभराचे तिकीट लावायचे, ही आता चाकोरीच झाली आहे. वसईच्या बागायतदाराला याचा अर्थ समजावून सांगायला नको. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी वरून एक फूट उतरली की खाली खाऱ्या-गोड्याची सीमा सुमारे चाळीस फूट वर चढते, असा जलशास्त्राचा ठोकताळा आहे. वर एक, खाली चाळीस! ज्या विहिरीवर आजोबांनी केळी आणि पानवेली जगवल्या, तिचे पाणी मचूळ का झाले, याचे एक उत्तर या हिशेबात आहे. हरित वसईच्या चळवळीत कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी पाण्याविषयी पोटतिडकीने बोलत, ते काही उगाच नव्हे. पण इथेही नुसता पाहुण्याला दोष देऊन भागत नाही. तिकीट पाहुणा घेतो, पण जमीन विकणारे किंवा भाड्याने देणारे हात पुष्कळदा इथलेच असतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. दरवर्षी आपल्या किनाऱ्यांवर सहलीला आलेली माणसे बुडतात. बहुतेक तरुण मुले, कधी लहान पोरे, कधी एकाला वाचवायला गेलेला दुसरा. मृतदेह भरतीबरोबर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी येतो. किनाऱ्यावर गर्दी जमते आणि गर्दीत कुणीतरी म्हणते, "सांगून ऐकत नाहीत, दारू पिऊन शिरतात, मग होणारच." हे वाक्य खोटे असते असे नाही. पण ते बोलून आपण मोकळे होतो, ते आम्हाला सलते. एखाद्याच्या मूर्खपणामुळे त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपते काय? आपल्या कोळी बांधवांनी हा प्रश्न कधी चर्चेला घेतलेला नाही. हाक आली की ते होडी लोटतात, नाहीतर तसेच उडी घेतात. बुडणारा प्यालेला आहे की शुद्धीत, मुंबईचा की इथला, हे बाहेर काढल्यावर कळते.

शिवाय "सांगून ऐकत नाहीत" यात सांगितले होते हे गृहीत धरलेले आहे. खरोखर किती जणांना कुणी सांगते? शहरातल्या माणसाला समुद्र दिवसभर एकच वाटतो. सकाळी गुडघाभर होते, तिथेच दुपारी डोक्यावर पाणी जाईल हे त्याच्या मनात येत नाही. उधाणाच्या मोठ्या दिवसांत आपल्याकडे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून अधिक फरक पडतो, म्हणजे दीड मजला उंची. किनारा सपाट असल्यामुळे ओहोटीला पाणी दूरवर जाते, माणसे शिंपले वेचत त्याच्या मागे जातात. भरतीचे पाणी परतताना आधी पाठीमागच्या सखल चरांतून गुपचूप भरते. पुढे पाहणाऱ्याला मागचा रस्ता बंद झालेला कळतच नाही. अलिबागला ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्यात गेलेली आणि भरतीने आत अडकलेली माणसे याच अज्ञानाची.

आपल्याला मात्र हे ठाऊक असते. भरतीची वेळ काढण्याची जुन्यांची रीत अगदी साधी आहे : तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, तीही भांगाची, कमी पाण्याची. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण. म्हणजे ज्या रविवारी पौर्णिमा किंवा अमावास्या पडते, त्या रविवारी सहलीची गर्दी ऐन रंगात येते त्याच घटकेला समुद्रही सर्वांत वर असतो आणि जेवण करून पुन्हा पाण्यात उतरायच्या वेळी पाणी जोराने बाहेर ओढत असते. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब ज्याला येतो त्याने तो न येणाऱ्याला सांगितला नाही, तर पाहुण्याला दोष देण्याचा त्याचा अधिकार कितपत उरतो?

आपल्या धर्मग्रामात समुद्राकडे उतरणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी कुणाचे ना कुणाचे घर आहे. सरकारी फलक येईल तेव्हा येवो. तोवर एक काळा फळा, खडू आणि पंचांग एवढे पुरे. पाऊणकी पाठ असलेले एखादे आजोबा प्रत्येक वाडीत अजून आहेत आणि शनिवारी संध्याकाळी त्यांना फारसे काम नसते. पंचमी असली तर पाच पाऊणे पावणेचार. फळ्यावर लिहायचे : "आज पूर्ण भरती दुपारी पावणेचार. त्यानंतर पाण्यात शिरू नये." आणि त्याखाली हेच हिंदीतही लिहायचे, कारण येणाऱ्यांत मराठी न वाचणारे पुष्कळ असतात.