अमानतीत मध्यस्थ नसतो

ठाण्याच्या मानपाड्यातून तुमचा पदवीधर मुलगा रोज कामाला निघतो. काम कंपनीचे, पगार मात्र एजन्सीचा. कंपनी ज्याला आपला मानत नाही, त्याने तिच्या कामाशी प्रामाणिक का राहावे?

सूरह अल-कसस (28:26-28) पाहा. फिरऔनच्या घरी वाढलेले हजरत मूसा (अलै.) मदयनमध्ये परके म्हणून आले आणि चाकरीस राहिले. त्यांची शिफारस झाली ती सामर्थ्य आणि विश्वासूपणा या दोन गुणांवर. मुदत आधीच ठरली: आठ वर्षे, स्वखुशीने दहा. मालकानेही त्रास न देण्याचा शब्द दिला आणि या करारावर अल्लाह साक्षी राहिला.

म्हणजे करार दोघांनाही बांधतो. स्वीकारलेले काम ही अमानत आहे. पगारपत्रकावर दुसऱ्याचे नाव असल्याने ती हलकी होत नाही. तसेच, घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची प्रेषितांची (स.) ताकीद एजन्सीकडे बोट दाखवून टळत नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही ठेकेदाराने थकवलेले वेतन देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती.

म्हणून थकलेला पगार ठामपणे मागणे हे सब्रच्या विरुद्ध नाही. तो हक्क आहे. पण हक्क डावलला गेला म्हणून खोटी हजेरी हलाल होत नाही. सही करण्यापूर्वी मुदत, वेतन आणि कामाचे स्वरूप लेखी घ्या. आणि पालकहो, ‘एवढे शिकून हेच काम?’ असे मुलांना टोचू नका. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही मक्कावासीयांच्या शेळ्यामेंढ्या मजुरीवर राखल्या होत्या.