चौकोनी कंस

आजीचं पवित्र शास्त्र आता माझ्याकडे आहे. काळ्या पुठ्ठ्याची बांधणी, कडेला पिवळी पडलेली पानं, मधे कुठेतरी जपून ठेवलेलं वाळकं पिंपळपान. आजी वाचायला शिकली ती लग्नानंतर, मिशनच्या बाईंकडून. त्यामुळे ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय तिला वाचता येत नसे. योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय तिचा फार आवडता. व्यभिचारात धरलेल्या एका बाईला शास्त्री आणि परूशी येशूपुढे आणून उभी करतात. तिला धोंडमार करायची का, म्हणून विचारतात. येशू काही न बोलता खाली ओणवतो आणि बोटाने जमिनीवर लिहीत राहतो. त्या ओळीवर आजीचं बोटही थबकायचं.

या गोष्टीच्या सुरुवातीला एक चौकोनी कंस आहे आणि शेवटी तो बंद होतो. मी नऊ-दहा वर्षांची असताना आजीला विचारलं होतं, "हे काय गं?" ती म्हणाली, "तिथं कायतरी बांधून ठिवलं आसंल."

काय बांधून ठेवलं आहे, ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या ज्या महत्त्वाच्या ग्रीक प्रती आज उपलब्ध आहेत, त्यांत ही गोष्टच नाही. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन नामांकित हस्तलिखितांत सातव्या अध्यायाच्या ५२ व्या वचनानंतर मजकूर सरळ आठव्या अध्यायाच्या १२ व्या वचनावर जातो. नंतरच्या काही प्रतींत तर ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात, २१ व्या अध्यायाच्या शेवटी सापडते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा वचनांचीही तीच गत आहे. त्या दोन जुन्या प्रतींत मार्क संपतो तो रिकाम्या कबरेपासून भीतीने पळालेल्या, कुणालाही काही न सांगणाऱ्या स्त्रियांपाशी.

त्या रात्री मला झोप आली नाही. आजीची सर्वांत लाडकी गोष्टच जर मूळ ग्रंथात नसेल, तर बाकीच्याचं काय? संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं होतं की शंका हे सैतानाचं बी असतं, ते रुजू देऊ नये. म्हणून मी दोन वर्षं गप्प राहिले. त्या गप्प राहण्याने शंका कमी झाली नाही. ती आतल्या आत कुजत गेली, एवढंच.

पुढे ज्या माणसाने मला बोलतं केलं, तो अडीचशे वर्षांपूर्वीच मेला होता. १७०७ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन मिलने ग्रीक नव्या कराराची एक आवृत्ती छापली. तीस वर्षांच्या मेहनतीने त्याने सुमारे शंभर हस्तलिखितं ताडून पाहिली होती आणि त्यांतले सुमारे तीस हजार पाठभेद नोंदवले होते. पुस्तक निघाल्यावर पंधरवड्याच्या आत तो वारला. युरोपात खळबळ उडाली. कुणी म्हणालं, शास्त्र बुडालं. कुणी म्हणालं, मिलने ते बुडवलं. त्याच सुमाराला ट्युबिंगेनमध्ये योहान बेंगेल नावाचा एक तरुण धर्मशास्त्र शिकत होता. मला बोलतं करणारा माणूस तो हाच. पाठभेदांच्या विचाराने त्याची श्रद्धा हलली. मात्र तो गप्प बसला नाही आणि ग्रंथही मिटला नाही. मिळतील तितकी हस्तलिखितं आणि छापील प्रती गोळा करून तो ओळीला ओळ लावत बसला. १७३४ मध्ये त्याने स्वतःची आवृत्ती काढली. बहुतेक भेद त्याला क्षुल्लक आढळले आणि श्रद्धेचं एकही मूळ तत्त्व त्यांच्यामुळे ढळत नाही, या निष्कर्षाला तो आला. या कामातून त्याने एक नियमही मांडला: दोन पाठांपैकी जो अवघड, तो बहुधा जुना. नकलाकार अवघड वाक्य सोपं करतो, सोपं वाक्य मुद्दाम अवघड करत नाही.

नक्कल करणाऱ्या माणसाचा हात ज्याने पाहिला आहे, त्याला हे लगेच पटेल. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने संपल्या की डोळा पहिल्यावरून दुसरीवर घसरतो आणि मधला मजकूर गळतो. कुणी 'येशू ख्रिस्त'चं 'ख्रिस्त येशू' करतो. कुणी समासात लिहिलेली टीप मूळ मजकूर समजून आत ओढतो. हजारो भेद अशाच जातीचे आहेत. प्रती जितक्या जास्त, तितके भेद जास्त. पण प्रती जितक्या जास्त, तितका भेद ओळखणंही सोपं. एकच प्रत असती तर एकही पाठभेद नसता, आणि चूक कुठे आहे हेही कधी कळलं नसतं.

आपल्याकडे हे काम काही परकं नाही. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तीनशे वर्षांच्या आत तिच्यात इतके अपपाठ शिरले होते की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती जमवून ती शुद्ध केली. आणि वर बजावलं की यापुढे कुणी यात आपली ओवी घालील तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी बाराशेहून अधिक हस्तलिखितं तपासली. ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही घराघरात माहीत असलेली कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. ती परिशिष्टात गेली. म्हणून महाभारत खोटं ठरलं का? आणि एकनाथांनी ज्ञानेश्वरीवर शंका घेतली, असं कुणी म्हणतं का? वारकऱ्यांनी तर ते नाथांचं ऋण मानलं. ग्रंथावर ज्याचा जीव असतो, त्यालाच त्यातली भर आणि गळती खुपते.

तेव्हा पाठाची शंका ही बऱ्याच अंशी मेहनतीने सुटणारी शंका आहे. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या. तोवर हाती असलेली जुन्या कराराची सर्वांत जुनी संपूर्ण हिब्रू हस्तलिखितं दहाव्या-अकराव्या शतकातली होती. यशयाची सापडलेली गुंडाळी त्यांच्याहून हजारेक वर्षांनी जुनी निघाली. तिच्यात बारीकसारीक फरक पुष्कळ आहेत, पण ग्रंथ तोच आहे. त्याच गुहांत यिर्मयाच्या ग्रंथाचे काही तुकडे मात्र आजच्या हिब्रू पाठाशी न जुळता प्राचीन ग्रीक भाषांतराच्या आखूड पाठाशी जुळणारे निघाले. म्हणजे यिर्मयाची दोन रूपं फार पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. आपल्या सोयीची तेवढी गुंडाळी उलगडायची आणि दुसरी तशीच ठेवायची, ही श्रद्धा म्हणता येणार नाही.

पण मजकूर जसा लिहिला तसा आपल्यापर्यंत आला, एवढ्यावरून तो घडलाच, असं होत नाही. ही दुसरी शंका आहे आणि तिचं उत्तर इतकं नीटनेटकं नाही. कैसरियाला १९६१ मध्ये रोमी सुभेदार पिलाताच्या नावाचा कोरीव दगड सापडला. यरुशलेमात २००४ मध्ये शिलोहाच्या तळ्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या जन्मांधाला येशूने डोळे धुवायला पाठवलं ते हेच तळं. अशा बातम्या आल्या की आमच्याकडे मोठ्या हौसेने सांगितल्या जातात. लूकच्या दुसऱ्या अध्यायातली अडचण मात्र कुणी काढत नाही. लूक येशूच्या जन्माला क्विरीनिय या रोमी सुभेदाराच्या वेळच्या नावनिशीशी जोडतो आणि मत्तय हेरोद राजाच्या कारकिर्दीशी. हेरोद बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये वारला आणि क्विरीनियाची नावनिशी इतिहासकार योसेफस इ.स. ६ मध्ये ठेवतो. मधल्या नऊ-दहा वर्षांची सांगड घालण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, पण सर्वांचं समाधान होईल असा एकही नाही. मी ही अडचण सोडवू शकत नाही. ती आहे, असं म्हणू शकते. आणि तसं म्हटल्यावर मला मोकळं वाटतं.

चारही शुभवर्तमानं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, हे पहिल्या ख्रिस्ती लोकांना आपल्याइतकंच दिसत होतं. मंदिरातल्या सराफांचे चौरंग येशूने उलथले, ते योहानात आरंभी आणि इतर तिघांत शेवटी. इ.स. १७० च्या सुमारास तातियान नावाच्या सिरियाच्या एका विद्वानाने चारांची वीण घालून एकच सलग कथा तयार केली. ती तिकडच्या मंडळ्यांत दोनेकशे वर्षं वाचली जात होती. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने तिच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी चार शुभवर्तमानं ठेवली. त्याची कारणं त्याच्यापाशी असतील; मला महत्त्वाचं वाटतं ते हे की मंडळीपुढे गुळगुळीत कथा तयार होती, तरीही तिने चार वेगवेगळे साक्षीदार तसेच राहू दिले. कोर्टात चार साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलू लागले की ते पढवलेले आहेत, हे शेंबडं पोरही ओळखतं. पेत्राने तीनदा धन्याला नाकारलं, ही मंडळीच्या पुढाऱ्याची नामुष्की चौघांनीही लपवली नाही.

आता मला वाटतं की आमच्या शंकांचं दुखणं ग्रंथात कमी आणि आम्ही ग्रंथाकडून केलेल्या मागणीत जास्त आहे. बार्ट एर्मन या अमेरिकन अभ्यासकाने आपली हकिगत स्वतःच लिहिली आहे. तरुणपणी तो बायबलचं अक्षर न् अक्षर निर्दोष मानणारा होता. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात येशू दाविदाच्या गोष्टीत अब्याथार हा मुख्य याजक होता असं म्हणतो. शमुवेलाच्या पुस्तकात तिथे अहीमलेख आहे. एर्मनने ही विसंगती दूर करायला लांबलचक निबंध लिहिला. प्राध्यापकांनी शेरा मारला की कदाचित मार्कची चूक झाली असेल. त्या एका शेऱ्याने त्याच्या मनातला बांध फुटला. पुढे तो अज्ञेयवादी झाला. मात्र श्रद्धा सुटली ती हस्तलिखितांमुळे नव्हे, जगातल्या दुःखामुळे, हेही त्याने प्रांजळपणे सांगितलं आहे. त्याचे गुरू ब्रूस मेट्झगर यांनी तीच हस्तलिखितं जन्मभर हाताळली आणि ते शेवटपर्यंत श्रद्धावंत राहिले. पुरावा एकच होता. निर्दोषपणाची अट घातली की एक चूकही सगळं पाडायला पुरते. विश्वासूपणाची अपेक्षा ठेवली तर चूक सापडल्यावर बोलणं सुरू होतं.

तिसरी शंका सर्वांत खोल आहे. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोतल्या बायका-पोरांचीही कत्तल होते. नव्या करारातल्या पत्रांत दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितलं आहे. ही शंका कुठल्याही गुंडाळीने फिटत नाही. शंका मनात ठेवूनही ग्रंथाला धरून कसं राहायचं, असा प्रश्न पडला की मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्या तिथल्या धर्मभगिनींशी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून कसून वाद घालत होत्या. एका पुरोहितवर्गाचं जू नुकतंच मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी साफ कळवलं होतं. याच रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी संपूर्ण बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. १९२४ मध्ये तो ग्रंथ बाहेर पडला. मुक्तिसदनातल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले होते. मूळ भाषेपर्यंत जाण्याचा हा ध्यास, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायला नकार देणाऱ्या बाईचाच असू शकतो.

आमच्या नगरकडच्या कितीतरी घरांना हे वेगळं सांगायला नको. माझ्या आजीच्या आजोबांना गावात कुणी कसल्याही पोथीला हात लावू दिला नव्हता. त्यांच्या नातीच्या मांडीवर एक ग्रंथ आला आणि तो तिने स्वतःच्या बोटाने वाचला. वाचायचा हक्क मिळतो तेव्हा विचारायचा हक्क त्याच्यासोबतच मिळालेला असतो. आजीच्या पिढीने पहिला कमावला. दुसरा वापरायला आम्ही का भ्यावं? आणि चौकोनी कंस छापणाऱ्यांनी तर तो आमच्यासाठी पानावरच मांडून ठेवला आहे. त्यांना त्या बाईच्या गोष्टीची बारा वचनं गुपचूप गाळता आली असती, किंवा काहीच न सांगता तशीच छापता आली असती. त्यांनी दोन्ही केलं नाही. जिथे खात्री नाही तिथे खूण करणाऱ्या पुस्तकावर, बाकीच्या ठिकाणी माझा विश्वास अधिक बसतो.

आजीच्या शेवटच्या आजारपणात मी तिला रोज वाचून दाखवत असे. एके दिवशी योहानाचा आठवा अध्याय आला आणि लहानपणचा प्रश्न आठवून मी तिला कंसाचा अर्थ सांगितला. जुन्या प्रतींत ही गोष्ट नाही, ती मागाहून इथे आली असावी. ऑगस्टीन नावाच्या जुन्या धर्मगुरूला मात्र वाटायचं की बायका सैल सुटतील या भीतीने काही पुरुषांनीच ती काढून टाकली. आजी छताकडे पाहत सगळं ऐकत होती. मग तिने हात पुढे केला. मी पुस्तक जवळ नेलं. तिने चाचपडत त्या कंसावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

"मंग ती बाई वाचली का न्हाई?"

"वाचली, आजी."

"मंग वाच की पुढं."