जप दुसऱ्याने करावा काय?

नामास अधिकार लागत नाही, हे आम्ही लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो. पौरोहित्याच्या घरात मात्र त्याच नामाचा जप यजमानांच्या वतीने, दक्षिणा घेऊन होतो, हेही पाहत आलो. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न गेल्या श्रावणात आमच्यापुढे उभा राहिला.

एका सद्गृहस्थांनी मातोश्रींच्या दुखण्यात एक लक्ष रामनामाचा संकल्प केला आणि जप आमच्या तीर्थरूपांकडे सोपविला. तो त्यांनी आम्हांस दिला. माळेचे मणी १०८. मोजताना शंभरच धरावयाचे, आठ चुकीभुलीसाठी सोडून द्यावयाचे. म्हणजे सहस्र माळा. चौथ्या दिवशी ध्यानात आले की, ओठांवर राम असून मन उरलेल्या माळांचा हिशेब करीत आहे. आणि खोटे कशाला सांगावे, दक्षिणेचाही.

यज्ञात ऋत्विज यजमानासाठी कर्म करतो व शास्त्रास ते मान्य आहे. परंतु संतांनी नामाचा मार्ग दाखविला तो ज्यांस यज्ञ नाही, मंत्र नाही, अशांनाही. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिचे नामस्मरण दळणकांडणात चाले. चोखोबांस तर राउळात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. त्यांची समाधी पंढरीस महाद्वाराच्या पायरीपाशी आहे. आणि ते राउळ हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. दाराबाहेर अडविलेल्या त्या भक्ताने आपले नाम आतल्या कोणाकरवी घेवविले नाही. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती वर्णिताना नामस्मरण तिसरे सांगितले आहे. भक्ती म्हटली की ती प्रतिनिधीकडून कशी व्हावी?

दुसऱ्याच्या कल्याणासाठी नाम घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. आजारी आईच्या उशाशी बसून मुलाने घेतलेले नाम तिच्यासाठीच असते. पण तेथे तो स्वतः बसलेला असतो. आम्ही बसलो होतो ते मोलाने.

हे सारे तीर्थरूपांच्या कानी घातले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांस निरोप धाडला की, दिवेलागणीस येऊन रोज एक माळ तरी आपल्या हाताने ओढावी. ते आले. पहिल्या संध्याकाळी त्या एका माळेत त्यांची दृष्टी दोनदा घड्याळाकडे गेली. आमची तीनदा.