खांदा निखळला तर?

रग्बीपटू सिया कोलिसी दक्षिण आफ्रिकेतल्या झ्विडे नावाच्या गरीब वस्तीत आजीपाशी वाढला. विटेचा तुकडा हीच त्याची मोटार, आणि कित्येकदा शाळेत मिळेल तेच दिवसाचं जेवण. एका निवड चाचणीत खेळायची चड्डी नव्हती म्हणून तो आतल्या चड्डीवरच मैदानात उतरला. त्याला आधी हेरलं ते वस्तीतल्या शाळेतल्या एरिक सोंगविकी सरांनी. मग पोर्ट एलिझाबेथमधल्या नामांकित ग्रे शाळेने त्याला रग्बीसाठी शिष्यवृत्ती दिली. 2018 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला आणि पुढे 2019 व 2023 चे विश्वचषक त्याच्या हाती आले.

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की हीच कहाणी सांगितली जाते. पण विश्वचषकाइतकीच मोठी गोष्ट त्याने स्वतः सांगितली आहे: त्या शाळेत गेलो नसतो तर नीट जेवायलाही मिळालं नसतं. वाढत्या वयात पोटभर अन्न, वसतिगृहातली खाट, जेमतेम येणाऱ्या इंग्रजीतून अभ्यास करायची संधी. त्याने पुढे एकही सामना जिंकला नसता, तरी हे देणं मोलाचंच ठरलं असतं.

देणाऱ्याच्या मनात मात्र नेहमी हेच असतं असं नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या सेंट केंटिगर्न या खाजगी शाळेने रग्बीसाठी बाहेरगावचे पाच तयार खेळाडू आणले, तेव्हा डिसेंबर 2018 मध्ये शहरातल्या दहा शाळांनी तिच्या संघाशी खेळायचं नाही असं ठरवलं. त्यांचा राग मला रास्त वाटतो. दुसऱ्या शाळेने घडवलेला मुलगा शेवटच्या एक-दोन वर्षांसाठी उचलायचा, यात शिक्षणापेक्षा ढाल मिळवण्याचीच घाई जास्त दिसते.

रग्बी हा अंगावर झेलायचा खेळ. खांदा निखळतो, गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो, डोक्याला मार बसतो. सोळा वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं, तर त्याची फी पुढच्या महिन्यात कोण भरणार? शाळा भरत असेल तर ती शिष्यवृत्ती. नसेल तर ती मजुरी आहे, आणि मजूर अल्पवयीन आहे. गरिबाघरचा मुलगा अशा वेळी दुखणं लपवून खेळत राहतो, कारण त्याच्या खेळण्यावर घरातल्या सगळ्यांची आशा टांगलेली असते. एवढं ओझं मुलावर टाकायचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही, मग तिचं मैदान कितीही हिरवंगार असो.

आपल्याकडेही खेळाच्या कोट्यातून प्रवेश होतात, खेळासाठी मुलं घर सोडून वसतिगृहात राहतात. तुमच्या मुलाला किंवा मुलीला कुणी अशी जागा देऊ केली तर आनंदाने जा, पण सही करण्याआधी एक विचारा: दुखापत झाली तरी शिक्षण इथेच पूर्ण होईल ना? आणि उत्तर लेखी घ्या.