अंगी लागलेलं अन्न

एका आईच्या पोटी दोन मुली. एकीला कितीही वाढा, अंगी लागत नाही. दुसरीनं नुसतं पाणी प्यायलं तरी अंगी लागतं. आपल्या संकेश्वर-निपाणी भागात हे वाक्य ऐकलं नाही असं घर सापडायचं नाही. पण आपण तिथंच थांबत नाही. पहिलीला 'चटपटीत' म्हणतो आणि दुसरीला 'जिभेवर ताबा नाही' म्हणून मोकळ्या होतो. मुलगी बघायला आलेली मंडळी, पंगतीत शेजारी बसलेली बाई, पर्युषणात 'तुझे उपवास किती?' विचारणारी मावशी, सगळ्यांचा निवाडा एकच : अंग जाड, म्हणजे संयम कमी. हा निवाडा खरा आहे का?

1997 साली इंग्लंडात केंब्रिजच्या डॉक्टरांनी नात्यातल्या दोन मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. कुटुंब मूळचं पाकिस्तानातलं. मुलगी आठ वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन 29 किलो. जन्मली तेव्हा दोघं चारचौघांसारखीच होती, पण नंतर त्यांची भूक भागेचना. आपल्या अंगातली चरबी लेप्टिन नावाच्या द्रव्यातून मेंदूला निरोप देत असते, की साठा पुरेसा आहे. या मुलांच्या एका जनुकात दोष होता, त्यामुळं तो निरोप कधी पोचतच नव्हता. पुढं त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली. भूक उतरली, वजनही उतरू लागलं. आता सांगा, सुई टोचायच्या आधी ती हावरी होती आणि नंतर संयमी झाली, असं म्हणायचं का?

अशी मुलं फार विरळा. आपल्यातुपल्यात असतात ते बारीक फरक. 2007 साली एफटीओ नावाच्या जनुकातला असा एक फरक सापडला. आई आणि वडील दोघांकडूनही तो आलेला असेल तर वजन सरासरी तीन किलोनं जास्त भरतं. स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांची पाहणी झाली तेव्हा दिसलं, की हा फरक असलेली मुलं ताटात वजनानं जास्त घेत नव्हती; कमी घासात जास्त उष्मांक देणाऱ्या पदार्थांकडं त्यांचा हात जात होता. म्हणजे 'तिला गोडच लागतं' असं आपण म्हणतो, त्यातही थोडा वाटा रक्तातून आलेला असू शकतो. हाच फरक पुणे आणि म्हैसूरच्या लोकांतही तपासला गेला, आणि मधुमेहाशी त्याचं नातं दिसलं.

आणि बारीक अंगाचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच वजनाला कमी, पण चरबीत मात्र तेवढी कमी नाहीत, हेही याज्ञिकांच्या अभ्यासात दिसलं. यात आईच्या गरोदरपणातल्या आहाराचाही वाटा असतो. थोडक्यात, चटपटीत दिसणारीचं पोट आतून काय सांगतंय, ते बाहेरून कळत नाही.

मग सगळं आईबापांच्या रक्तावर ढकलून जिलेबीचं ताट पुढं ओढायचं का? तसं नाही. संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा बियात असतो, पण माती-पाण्यावाचून बी नुसतं बीच राहतं. आपल्या आज्ज्यांकडं हीच जनुकं होती. पण जातं होतं, आडाचं पाणी ओढणं होतं, शेताची वाट होती. दोन पिढ्यांत जनुकं बदलली नाहीत, घर आणि ताट बदललं. दोन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून 2011 साली असं दिसलं, की अंग हलवणाऱ्यांत एफटीओचा परिणाम 27 टक्क्यांनी कमी पडतो. पुरता जात नाही, पण कमी होतो. आपल्या हाती असलेली जागा एवढी आहे. लहान असली तरी खरी आहे.

आपल्या बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येतं, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं. 'भगवती आराधने'त पुरुषाचा पोटभर आहार 32 घासांचा आणि बाईचा 28 घासांचा सांगितला आहे. पण जिचं पोट वीस घासांत भरतं तिनं एकोणीस खाल्ले, आणि जिला चाळीस लागतात ती तिसावर उठली, तर तप कुणाचं मोठं? पंगतीत मात्र सगळ्यांना तीस घासच दिसतात. दहा घासांचा त्याग तिचा तिलाच ठाऊक.

कुणी म्हणेल, शरीर नामकर्मानं मिळतं आणि भूक वेदनीय कर्मानं लागते, मग भोगावं ज्याचं त्यानं. पण कर्माचा सिद्धांत आपलं आपण तपासण्यासाठी आहे. शेजारणीच्या कमरेवरून तिचा मागचा जन्म वाचण्याची विद्या त्यात कुठं शिकवलेली नाही. आपल्या शब्दानं पोरगी ताटावरून रडत उठली, तर ती हिंसाच.

म्हणून घरात आपण एवढं करू शकतो. स्वयंपाक सगळ्यांसाठी सारखाच करावा, जाडीला वेगळा आणि बारकीला वेगळा नको. संध्याकाळी फिरायला दोघींनाही न्यावं. रक्ताची तपासणी बारकीचीही करावी. आणि ताटाशी बसलेल्या बाईला 'अजून एक वाढू का?' याशिवाय दुसरा प्रश्न विचारू नये. किती खायचं ते तिचं तिला ठरवू द्यावं. संयम तिचा आहे, तो पाळायची संधीही तिचीच.